पार्सल हबमध्ये झेपणार नाही एवढं काम लावतात, बोललं की "उद्यापासून येऊ नको" म्हणतात. काय करावं?

वय २३ लिहिलंयस, म्हणून अरे-तुरे करतोय. कोल्हापुरात हायवेलगतच्या हबमध्ये रात्रपाळी, ३२ फुटी कंटेनर रिकामा करायला चौघांऐवजी दोघंच, कमरेत कळ, आणि तक्रार केली की सुपरवायझरचं ते एक वाक्य. भावा, यात मी नऊ वर्षं काढली. सहा वर्षं लोडर म्हणून, तीन वर्षं शिफ्टचा टीएल, म्हणजे टीम लीडर म्हणून. ते वाक्य मी ऐकलंय, आणि सांगायला जड जातंय, पण दुसऱ्यांना म्हटलंयसुद्धा.

म्हणून आधी टीएलच्या बाजूचं सांगतो. त्याला रात्रभर वरून फोन येतात ते दोनच गोष्टींचे: गाडी डॉकला, म्हणजे माल उतरवायच्या फलाटाला, किती वाजता लागली आणि किती वाजता रिकामी झाली. आत माणसं किती होती, हे कोणी विचारत नाही. तू तोंडी सांगितलंस की तो "आजच्या दिवस ॲडजस्ट कर" म्हणतो आणि विषय तिथंच संपतो. पण एका पोरानं मला एकदा व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं, तेव्हा मला तो मेसेज वर पाठवावाच लागला. तो माझ्याकडेच राहिला असता आणि पहाटे कोणी पडलं असतं, तर जबाबदार मी ठरलो असतो. त्या रात्री दोन माणसं वाढवून मिळाली.

तेव्हा पहिलं काम हे कर. राग नको, टोमणा नको, फक्त आकडे: "सर, रात्री १:२० ला कंटेनर लागला. आत आम्ही दोघं आहोत. ३० किलोवरचे बॉक्स बरेच आहेत, ट्रॉली एकच आणि तिचं चाक तुटलंय. अजून दोन माणसं किंवा दुसरी ट्रॉली मिळाली तर वेळेत होईल. नाहीतर जड बॉक्स दोघांनी मिळून उचलतोय, वेळ जास्त लागेल." ग्रुपवर टाक, आणि स्क्रीनशॉट घरच्यांच्या फोनवर पाठवून ठेव. "मी करणार नाही" असं मात्र लिहू नकोस. त्याचा अर्थ "काम नाकारलं" असा लावतात. तू काम नाकारत नाहीस, कसं करणार ते सांगतोयस.

आता वजनाचं. आपल्याकडं एकाच कंटेनरमध्ये गांधीनगरचा कपडा आणि शिरोलीच्या फौंड्रीचं कास्टिंग शेजारी शेजारी येतं. कपड्याचा बॉक्स छातीएवढा, पण हलका. कास्टिंगचा बॉक्स चपलांच्या खोक्याएवढा आणि उचलायला गेलं की जमिनीला चिकटल्यासारखा. हात कपड्याच्या वजनाला सरावलेला असतो, आणि घात तिथंच होतो. लेबलवरचं वजन वाचल्याशिवाय छोट्या बॉक्सला झटका देऊ नकोस, आधी पायानं ढकलून बघ. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेच्या १९९१ च्या सूत्रात सगळं अनुकूल असताना एका माणसानं उचलायची मर्यादा २३ किलो धरलीय. तेही बॉक्स अंगालगत असेल तर. तोच बॉक्स अंगापासून ५० सेंटीमीटर लांब धरला की मर्यादा निम्म्यावर येते. कमरेतून पिळून वळलास की आणखी खाली. म्हणून पाय वळवायचे, कंबर नाही. आणि थप्पी मधूनच ओढायची नाही, वरून उतरवायची.

हे मला कुठं शिकायला मिळालं ते सांगतो. ऑक्टोबरमधली रात्र होती, दसऱ्याआधीचा सेल. कोपऱ्यातला गुडघ्याएवढ्या उंचीवरचा बॉक्स उचलला आणि पाय न हलवता तसाच पार्सल वाहून नेणाऱ्या बेल्टकडं वळलो. कमरेत कट्‌ झालं. मी कंटेनरच्या फळीवर आडवा, डोळ्यांसमोर छताचे रिव्हेट, आणि बेल्ट चालूच. बंद करायला कुणी नव्हतं, कारण जोडीदार दुसऱ्या डॉकवर पाठवलेला. दवाखान्यात नेताना गाडीत मला सांगितलं गेलं, "घरी पाणी काढताना उसण भरली म्हण, पगार चालू ठेवतो." मी तसंच म्हटलं. केसपेपरवर तेच लिहिलं गेलं. पगार अकरा दिवस चालला. नंतर मी हक्काचे पैसे मागायला गेलो, तर माझ्याविरुद्ध माझंच वाक्य कागदावर होतं.

ती चूक तू करू नकोस. कामावर लागलं तर डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगायचं: कामावर लागलं, अमुक वाजता, अमुक उचलताना. अपघाताच्या नोंदवहीत नोंद करून घ्यायची, तिचा फोटो काढायचा. पगाराची स्लिप बघ: पगार महिना २१,००० पर्यंत असेल, तर त्यातून ०.७५ टक्के ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, कापलेला दिसतो. कामावरच्या दुखापतीनं, अपघाताचा दिवस सोडून, किमान तीन दिवस घरी बसावं लागलं, तर ईएसआय मजुरीच्या ९० टक्के देतं, आणि त्यासाठी किती महिने वर्गणी भरली हे बघत नाहीत. तेच साध्या आजारपणात खपवलं तर ७० टक्के, आणि वर्षाला ९१ दिवसांची मर्यादा. "घरी लागलं" या दोन शब्दांची किंमत एवढी आहे. ठेकेदार "आमच्याकडं ईएसआय नसतं" म्हणाला, तर मुख्य कंपनीला विचार, ठेकेदाराच्या माणसांची ईएसआय वर्गणी भरायची जबाबदारी तिच्यावरही येते. आणि ईएसआय लागूच नसेल, तर कामावरच्या अपघाताची भरपाई मालकाकडून मागायचा हक्क १९२३ च्या कायद्यापासून आहे. जादा तासांचा पगार दुप्पट. कामगार कायदे बदलले, पण हे बदललेलं नाही.

एकट्यानं मात्र भांडू नकोस. एकट्याचा आयडी ब्लॉक करायला मिनिट लागतं, आठ जणांचा केला तर उद्याची गाडी कोण उतरवणार? आठ जणांच्या सह्यांचा अर्ज एचआरला मेलवर द्या. पंधरा दिवसांत हललं नाही, तर तोच अर्ज सहायक कामगार आयुक्त कार्यालयात नेऊन पोच घ्या. माथाडी मंडळात तुमच्या कामाची नोंद होते का, तेही विचारा. १९६९ चा माथाडी कायदा चढ-उतार करणाऱ्यांसाठीच झालाय. पोतं ५० किलोच्या वर नको, ही मागणी बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं वर्षानुवर्षं लावून धरली. त्यांच्याकडंही सुरुवातीला आकडा आणि सोबत उभी राहिलेली माणसं एवढंच होतं.

तरीही काढलंच तर? भीती खोटी नाही, घरचा हप्ता मलाही होता. म्हणून आजपासून दुसरीकडं विचारत राहा, आणि "राजीनामा लिहून दे" म्हणाले तर तिथल्या तिथं सही करू नकोस. काढायचं असेल तर त्यांनी लेखी द्यावं.

कळ पायात उतरते का, ते तू लिहिलं नाहीस. मांडीमागून पोटरीपर्यंत मुंग्या येत असतील, तर आजची पाळी सोड आणि डॉक्टरला दाखव. लघवीवरचा ताबा गेला किंवा दोन्ही मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, तर सकाळची वाट न बघता तडक सीपीआर, म्हणजे आपला सरकारी दवाखाना गाठ. त्यात तासांचा हिशोब असतो.