कलम करायचं, बांधायचं की भरायचं?

प्रश्न असा आलाय की परसात खिरणीच्या रोपावर चिकूची काडी जोडली तर "मी चिकूला कलम केलं" म्हणायचं, "बांधलं" म्हणायचं की "भरलं"? आणि दुसरा भाग म्हणजे गुटी कलमात दोन झाडं जोडलीच जात नाहीत, मग त्याला कलम का म्हणतात, नर्सरीवाले चुकतात का?

आधी दुसरा भाग घेतो, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. नर्सरीवाले अजिबात चुकत नाहीत. आपण शाळेत ग्राफ्टिंग म्हणजे कलम असं पाठ केलं आणि तिथून पुढे कलम म्हणजे फक्त जोडकाम असं धरून चाललो, पण मराठीत कलमाचा अर्थ त्याहून बराच मोठा आहे. बी किंवा कोय रुजवून येतं ते रोप, आणि झाडाचाच तुकडा घेऊन जे नवीन झाड करतात ते कलम. म्हणून नुसती फांदी छाटून मातीत खोचली तरी ते छाट कलम, फांदी वाकवून जमिनीत दाबली की दाब कलम (सरदार पेरूची कितीतरी झाडं अशीच तयार होतात) आणि फांदीची साल गोल काढून तिथे ओलं शेवाळ प्लॅस्टिकने गुंडाळलं की गुटी कलम. सोलापूरकडच्या भगव्या डाळिंबाच्या बागा बहुतेक गुटीच्याच, त्यात खुंट, म्हणजे ज्यावर काडी जोडतात ते खालचं मुळासकटचं झाड, नसतोच. शब्दाचं मूळही हेच सांगतं. अरबीतला कलम म्हणजे बोरूची लेखणी, तो फारसीतून आपल्याकडे आला आणि फारसीत कलमे म्हणजे लावायला छाटून घेतलेली काडी, म्हणजे शब्दात छाटणं आधीपासून आहे, जोडणं त्यात नंतर सामावलं.

कोकणात तर हा शब्द आणखी पुढे गेलाय. "आमची वीसेक कलमं आहेत" असं कोणी म्हणालं की ती हापूसची मोठी, फळं देणारी झाडं असतात आणि कोयीपासून आपोआप वाढलेला आंबा तो रायवळ, मग तो कितीही गोड असो, त्याला कलम कोणी म्हणणार नाही. मला हा भेद फार आवडतो, एका शब्दात झाडाचा सगळा जन्म कळतो.

आता क्रियापद. इथे मराठी खरोखर बारकाईने बोलते आणि हे नीट जपायला हवं असं मला मनापासून वाटतं. खुंटावर काडी बसवून पट्टी गुंडाळतात ते कलम बांधणं. पूर्वी केळीचं सोपट किंवा सुतळी असायची, आता प्लॅस्टिकची पट्टी असते, पण बांधणं तेच. भेट कलम, पाचर कलम, कोय कलम ही सगळी बांधायचीच. कोय कलमात तर आंब्याचं रोप जेमतेम १०-१५ दिवसांचं, पानं अजून तांबूस असताना त्याचा शेंडा कापून मधे उभी चीर देतात आणि हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवतात, काडीची आणि खुंटाची आंतरसाल निदान एका बाजूने तरी एकमेकींना भिडली पाहिजे, आणि ती भिडलेली ठेवायची तर घट्ट बांधावंच लागतं. गुटीसुद्धा बांधतात, पण ती शेवाळाची पुरचुंडी असते, जोड नसतो.

भरतात तो डोळा, म्हणजे फांदीवरची कोंब फुटायची कळी. गुलाब, बोर, मोसंबी, संत्रं यांच्यात अख्खी काडी न घेता एकच डोळा सालीसकट काढतात, खुंटाच्या सालीत छेद देऊन त्या फटीत सरकवतात. फट भरली म्हणून भरणं, असं मला वाटतं. नागपुरी संत्र्याचा डोळा जंबेरी नावाच्या लिंबाच्या खुंटावर भरतात. "कलम भरलं" हेही कधीकधी ऐकू येतं पण मी डोळा भरला असंच म्हणेन, ऐकणाऱ्याला लगेच कळतं की काडी नाही, डोळा वापरलाय.

लावतात ते तयार कलम, म्हणजे नर्सरीतून आणून खड्ड्यात लावलं. "मी यंदा दोन कलमं लावली" यात तुम्ही स्वतः जोडकाम केलं असं कोणी समजणार नाही. आणि करणं हे मोघम आहे, चुकीचं नाही, पण "चिकूला कलम केलं" यात चिकू खाली आहे की वर हेच कळत नाही.

जुना देशी शब्द हवा असेल तर वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, फणस, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष वगैरे झाडांना काण्डरोप्य, म्हणजे खोडाचा किंवा फांदीचा तुकडा लावून वाढवायची, म्हटलंय, कापलेल्या भागाला शेण लावून ती लावायची असं तिथे आहे. शब्द सुंदर आहे पण रोजच्या बोलण्यात कलम काढून तो आणायची गरज नाही, कलम पूर्ण आपलं झालेलं आहे, नपुंसकलिंगी होऊन त्याचं कलमं असं अनेकवचनही झालंय.

तर तुमचं वाक्य मी असं लिहीन: "खिरणीवर चिकूचं कलम बांधलं." खुंटाला 'वर' लावायचं आणि ज्याची फळं हवीत त्याला 'चं'. आणि पुढे खुंटावर जोडाखालून फूट आली तर ती खिरणीची, ती काढत राहा.