तीनशे व्ह्यूज आणि बावीस मिनिटांची फिल्म

प्रश्न : आमच्या भागात ठेकेदाराची माणसं अजून गटारात उतरून साफसफाई करतात, मास्क नाही, हातमोजे नाहीत. आम्ही चौघांनी मोबाइलवर २२ मिनिटांची डॉक्युमेंटरी केली, युट्यूबवर टाकली. दोन महिन्यांत ३०० व्ह्यूज, त्यातले निम्मे नातेवाईकच! एकजण म्हणतो सेन्सॉर सर्टिफिकेट नाही, गोत्यात याल. दुसरा म्हणतो सोडा हे, रील्स करा. काय करावं?

उत्तर : सर्टिफिकेटचं आधी उरकतो. युट्यूबवर टाकायला ते लागत नाही, पण जाहीर शो लावायचा तर १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा आडवा येऊ शकतो. २००४ मधे मुंबईच्या मिफ या डॉक्युमेंटरी-शॉर्टफिल्मच्या फेस्टिव्हलने भारतीय डॉक्युमेंटरींना सर्टिफिकेटची अट घातली होती, त्यावरून डॉक्युमेंटरीवाले एवढे भडकले की 'विकल्प' नावाचा स्वतःचा फेस्टिव्हल त्यांनी तिथेच मुंबईत भरवला. 

आता व्ह्यूज. तुमच्याच विषयावरची दिव्या भारती यांची 'काकूस' बघा (तमिळमधे काकूस म्हणजे संडास). २०१७ ची फिल्म, तमिळनाडूत तिचे शो पोलिसांनी अडवले, मग ती युट्यूबवर आली आणि भरपूर लोकांनी पाहिली. पण म्हणून सगळ्यांचं असं होईल असं नाही हं. आनंद पटवर्धनांची 'जय भीम कॉम्रेड' मुंबईतल्या रमाबाई नगरच्या १९९७ च्या पोलीस गोळीबारापासून सुरू होते, करायला १४ वर्षं लागली, आणि ती वस्त्यांमधे पडदा लावून दाखवली गेली. माझं मत विचाराल तर एका चाळीत बसून फिल्म बघणारी साठ माणसं ही फोनवर अंगठ्याने सरकवणाऱ्या साठ हजारांपेक्षा बरी, कारण शो संपल्यावर ती घरी जात नाहीत, भांडतात, प्रश्न विचारतात. रील करा की, पण लोकांना शोला बोलवायला करा.

गोव्यातल्या व्हिडिओ व्हॉलंटियर्स या संस्थेची एक आयडिया उचला. त्यांचे गावोगावचे वार्ताहर व्हिडिओच्या शेवटी संबंधित अधिकाऱ्याचा ऑफिसचा नंबर देतात आणि लोकांना सांगतात, फोन लावा. काम झालं की त्याचा वेगळा व्हिडिओ. तुम्ही नंबरासोबत हेही टाका : २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं हा गुन्हा आहे, आणि गटारात मृत्यू झाला तर ३० लाख भरपाई, असं सुप्रीम कोर्टाने २०२३ मधे सांगितलंय. तुमच्या नगरसेवकालाही बहुतेक हे माहीत नसेल.

पण पत्र वाचताना मला वेगळीच काळजी लागली. त्या कामगारांचे चेहरे दिसतायत का फिल्ममधे? ते ठेकेदाराकडे रोजावर आहेत, उद्या त्याने बघितली तर तुमच्या चौघांचं काही जात नाही, त्यांचा रोज जातो. कॅमेऱ्यासमोर 'हो दादा, घ्या शूटिंग' म्हणणं वेगळं आणि ते इंटरनेटवर कायम राहणार हे कळून हो म्हणणं वेगळं. एकेकाला, बायकोपोरांसकट, पूर्ण फिल्म दाखवा, नको म्हणाला तर चेहरा ब्लर करा, आवाजही बदला, आणि तोवर जुनी फाइल आजच प्रायव्हेट करा. नवीन टाकली की व्ह्यूज शून्यापासून सुरू होतील, होऊ देत, तसेही निम्मे नातेवाईकच आहेत.