धमनी, नस आणि लोहाराचा भाता

घाटंजी तालुक्यातल्या एका आशाताईंनी विचारलं आहे: बीपी तपासणीच्या फलकावर 'आर्टरी (हृदयातून रक्त बाहेर नेणारी नळी) कडक होणे' हे मराठीत लिहायचं आहे, 'नसा आखडणे' चालेल का? शाळेच्या पुस्तकात 'रोहिणी' दिलंय, मग 'धमनी' चूक का?

ताई, 'नस' नकोच. पाठ धरली की नस, सलाईन लावली की नस, लकवा मारला की नस, हार्ट अटॅक आला तरी 'नस ब्लॉक'. ऐकून ऐकून कान किटले. वेगवेगळ्या वस्तूंना एकच नाव दिल्यावर पेशंटला नेमकं कळणार काय?

'रोहिणी' म्हणजे तांबडी. परिभाषा करणाऱ्यांनी रंग पाहून तांबडी ती रोहिणी आणि निळी ती नीला (रक्त हृदयाकडे परत आणणारी) अशी जोडी जमवली. पण हृदयातून फुप्फुसाकडे जाणाऱ्या 'फुप्फुस रोहिणी'त ऑक्सिजन कमी असलेलं काळपट रक्त असतं. ती कुठून तांबडी? रोहिणी आपली मृगाच्या आधीच्या नक्षत्रालाच शोभते.

'धमनी' आली 'धम्' धातूवरून, म्हणजे फुंकणे. चरकसंहिता सांगते, 'ध्मानाद्धमन्यः', म्हणजे फुंकण्यावरून धमन्या. यावर कोशवाले लगेच म्हणतात, जुन्या लोकांना धमनीत वारा असतो असं वाटे. ग्रीकांपुरतं ते खरं आहे. प्रेताच्या धमन्या बहुधा रिकाम्या सापडत, म्हणून त्यांच्यात हवा मानली गेली. त्यांचा 'आर्टेरिया' शब्द श्वासनळीलाही होता. पण तोच हिशेब आपल्याला लावू नका. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडातलं सतरावं सूक्त वाहतं रक्त थांबवण्यासाठीच आहे, आणि त्यात 'शतस्य धमनीनां' (शंभर धमन्यांचं) असं स्पष्ट म्हटलंय. धमनीतून रक्त येतं हे सूक्त रचणाऱ्यांना पुरतं ठाऊक होतं.

माझं मत असं, की हे नाव वाऱ्यावरून पडलं नाही, भात्यावरून पडलं. पेरणीआधी वखराची पास पाजवायला आम्ही लोहाराकडे जायचो. त्याचा कातडी भाता फुगायचा, बसायचा, पुन्हा फुगायचा. मनगटावर बोट ठेवा, तीच चाल लागते. रंग बदलो, आत काहीही वाहो, धमनी उडतेच. लोहार कातड्याला तेल चोळायचा, कारण वाळलेलं कातडं फुगत नाही. कडक धमनीचंही तसंच.

धमनीचा कडकपणा मोजतात तोही या उडण्यावरूनच. मानेत आणि जांघेत ठोका किती वेळाच्या अंतराने लागतो ते यंत्र टिपतं, आणि त्यावरून ठोक्याच्या लहरीचा वेग काढतात. भिंत जितकी ताठ, तितकी लहर वेगात. सेकंदाला 10 मीटरच्या वर गेली तर धमनी ताठरली असं धरतात. हा वेग लहरीचा आहे, रक्ताचा नव्हे. फलकावर ही गल्लत होऊ देऊ नका. अंतराळ स्थानकात सहा महिने राहून आलेल्यांच्या मानेच्या धमन्या सोनोग्राफीने तपासल्या, तेव्हा जमिनीवर 10 ते 20 वर्षांत यावा तेवढा ताठपणा आढळला.

हां, तुमचा 'कडक' राहिलाच. 'आखडणे' नको, ते स्नायूचं. भेंडी तोडायची राहिली की बाया काय म्हणतात? जून झाली. 'जुना'च्याच घरातला शब्द; वय, धागे आणि ताठपणा तिन्ही त्यात आले. फलकावर 'धमनी जून होणे' लिहा, आणि खाली भेंडीचं चित्र काढा.