लहान मुलीचा पेटीचा क्लास: आईबाबांनी कुठे बसायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी सहा वर्षांची, तीन महिने पेटीच्या, म्हणजे हार्मोनियमच्या, क्लासला जातेय. बाई म्हणतात, आईबाबांपैकी एकाने क्लासमध्ये बसा. तुम्हाला स्वतःला संगीतातलं काही कळत नाही, आणि घरी रोज अर्धा तास सरावाला बसवलं की दोघांचेही आवाज चढतात. आजी म्हणतात, आता सोडा, मोठी झाल्यावर बघू.

माझं मत आधी सांगते. सोडू नका. क्लासमध्ये जरूर बसा. आणि तो अर्धा तास आजपासून बंद करा.

मी गाणारी नाही, वाजवणारी नाही. मोठा मुलगा तबला शिकला, धाकटी आधी पेटी आणि मग गाणं. त्या दोघांपायी बारा-तेरा वर्षं क्लासच्या सतरंजीवर बसले आहे. मोठ्याच्या वेळी जे चुकलं ते धाकटीच्या वेळी सुधारता आलं, म्हणून एवढं लिहितेय.

मुलगा साडेपाच वर्षांचा असताना मी क्लासमध्ये वही घेऊन बसायचे. सरांनी सांगितलेला प्रत्येक बोल उतरवून घ्यायचे आणि घरी आल्यावर तीच वही मांडीवर घेऊन त्याच्यासमोर बसायचे. धाधा तेटे धाधा तूना, ताता तेटे धाधा धीना. 'तेटे' जरा अडखळलं की मी म्हणायचे, "थांब. पहिल्यापासून." मला वाटायचं, चूक हातात बसायच्या आत काढलेली बरी. दोन-तीन महिन्यांनी सरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "ताई, तो तबला ऐकत नाही हो, तुमचं तोंड वाचतो." पुढच्या तासाला मी नीट पाहिलं. खरंच, प्रत्येक ओळ संपली की त्याची मान माझ्याकडे वळत होती. बरोबर वाजलं की चुकलं, हे तो माझ्या भुवयांवरून ठरवत होता. त्या दिवशी घरी येताना मला फार वाईट वाटलं होतं, ते अजून आठवतं.

सरांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, यापुढे त्याच्या पाठीमागे बसायचं. दोन, चुका त्यांच्यासाठी ठेवायच्या, घरी काढायच्या नाहीत. "मग घरी मी करू काय?" असं विचारल्यावर त्यांनी मला तीनताल हातावर धरायला शिकवला. सोळा मात्रा, चार-चारचे चार भाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्यावर खाली, म्हणजे टाळी न देता हात बाजूला उघडायचा. तोंडाने धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. संगीताचा गंध नसलेल्या मला हे आठवड्याभरात जमलं. मग तो वाजवायचा आणि मी नुसती टाळी-खाली धरून बसायचे, एक शब्द न बोलता. कुठे गडबड झाली की त्याची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, माझ्या टाळीवर पडायची नाही, आणि ते त्याचं त्यालाच कळायचं. मी न सांगता तो थांबायचा आणि पुन्हा धरायचा. याच्या आधी महिनोन्‌महिने मी जे ओरडून सांगत होते ते असं गप्प बसून झालं.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीत आहे. या वयात पालकाने चूक दाखवायची नसते. मुलाला स्वतःची चूक ऐकू येईल अशी सोय करून द्यायची असते. त्यासाठी पालकाला गाणं यायलाच हवं असं नाही.

आता तुमच्या पेटीकडे येते. सहा वर्षांच्या मुलीची खरी अडचण बहुतेक वेळा सुरांची नसते, पेटीत हवा भरणाऱ्या भात्याची असते. उजव्या हाताने पट्ट्या आणि त्याच वेळी डाव्या हाताने पलीकडचा भाता, त्यात मांडी घालून बसलं की पेटी छातीपर्यंत येते. हात भरून येतो, भाता धक्क्याधक्क्याने चालतो, सूर तुटतो आणि आपण समजतो की पोरीचं लक्ष नाही. धाकटीला आधी पाटावर घडी घातलेली सतरंजी टाकून उंच बसवलं. मग मी पेटीच्या पलीकडे तिच्यासमोर बसले. भाता पलीकडच्याच बाजूला असतो, त्यामुळे समोरच्या माणसाला तो सहज मारता येतो. जवळजवळ वर्षभर घरी भाता मी मारला आणि बोटं तिची. पुढे एक अलंकार, म्हणजे सरावासाठीची सुरांची ठरलेली ओळ, माझ्या भात्यावर, एक तिच्या स्वतःच्या, असं करत हळूहळू तो तिच्याकडे गेला. यात एक पथ्य पाळा. भाता सावकाश आणि सारखा चालू ठेवा. ती चुकली म्हणून भाता थांबवू नका, ती रागावण्याचीच दुसरी तऱ्हा आहे. बोटं कुठली कुठे पडतात ते बाईंवर सोडा.

तुम्ही बाबा आहात म्हणून पट्टीबद्दल, म्हणजे सा कुठल्या सुरावर धरायचा याबद्दल, मुद्दाम लिहिते, कारण आमच्या घरी यावरून गोंधळ झाला होता. ह्यांचा आवाज काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरला की, मोकळा लागतो. मुलीचा सा बाईंनी त्याहून वर, काळी चारला ठेवला होता. हे हौसेने तिच्याबरोबर म्हणायला बसायचे आणि आपल्या सोयीने सा खाली आणायचे. मग तिचा खालचा प लागेना, घसा घोगरा व्हायला लागला. बाईंनी ऐकल्याबरोबर ओळखलं. तेव्हा बाईंना विचारून तिची पट्टी कागदावर लिहा, पेटीवर चिकटवा आणि घरात कोणीही तिच्याबरोबर म्हणणार असेल तर त्याच पट्टीत म्हणा. नाही जमलं तर नुसतं ऐका.

मोबाइलवर तानपुऱ्याचं, म्हणजे मागे सतत सा धरून ठेवणारं, अ‍ॅप मिळतं. त्याच पट्टीत लावून ठेवा, सरावाच्या वेळीही आणि ती चित्रं रंगवत बसलेली असतानाही, रोज दहा-पंधरा मिनिटं. काही करायला सांगू नका. टाळी-खाली तालासाठी जे करते ते तानपुरा सुरासाठी करतो. सूर जुळला की खोलीत एक वेगळाच भरीवपणा येतो आणि मुलांना तो आपल्याआधी कळतो. मात्र सूर बरोबर लागला की हिरवा दिवा दाखवणारी अ‍ॅप या वयात देऊ नका. मुलं कान बंद करून दिवा बघायला लागतात. माझा मुलगा माझ्या भुवया बघायचा, तसंच ते.

वेळ आठ ते दहा मिनिटं. जमलं तर दोनदा, नाहीतर एकदाच. घड्याळाला बांधण्यापेक्षा रोजच्या एखाद्या गोष्टीला बांधा. आमच्याकडे संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला की पेटी उघडायची, असं ठरलं होतं. शेवटी तिला छान येणारं काहीतरी वाजवून घ्या आणि अजून हवंय असं वाटत असतानाच पेटी मिटा.

क्लासमध्ये तिच्या मागे किंवा बाजूला बसा, फोन पिशवीत ठेवा. बाईंनी तिला प्रश्न विचारला की उत्तर तिलाच देऊ द्या, कितीही वेळ लागला तरी. तास संपल्यावर बाईंना एवढंच विचारा: या आठवड्यात घरी एकच गोष्ट बघायची तर कुठली? दहा गोष्टी लिहून आणल्या की त्या दहाही भांडणाच्या होतात. पुढे कधीतरी, आठ-नऊ वर्षांची झाल्यावर, ती स्वतःच म्हणेल, आता तू येऊ नकोस. त्या दिवशी खरंच जाऊ नका.

बाई उगाच बसायला सांगत नाहीयेत. जपानमध्ये मात्सुमोतो गावी शिनिची सुझुकी नावाच्या व्हायोलिन शिक्षकाने दुसऱ्या महायुद्धानंतर लहान मुलांना शिकवायची जी रीत बसवली तिच्यात पालक हा मुख्य भाग आहे. मूल मातृभाषा जशी ऐकून ऐकून शिकतं तसं संगीतही शिकेल, हा त्यांचा विचार. त्यासाठी ते आधी आईला किंवा वडिलांना थोडं व्हायोलिन वाजवायला शिकवत. मूल बघत राही आणि मग स्वतःच वाद्य मागू लागे. हे वाचलं तेव्हा मला आमच्या गावचा हरिपाठ आठवला. आजोबांच्या मांडीवर बसलेल्या तीन वर्षांच्या पोराच्या हातात टाळ असतो. त्याला कोणी शिकवत नाही, चुकला म्हणून कोणी थांबवत नाही, आणि पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत त्याचा ठेका पक्का असतो. घरातली मोठी माणसं ते स्वतः करताना त्याला रोज दिसतात, म्हणून.

कोणीतरी तुम्हाला तबलावादक झाकीर हुसेन यांचं उदाहरण देईल, मलाही दिलं होतं: सात वर्षांच्या मुलाला वडील पहाटे तीनला उठवायचे. खरं आहे, त्यांनी स्वतः मुलाखतींत सांगितलंय. पण उठवणारे वडील स्वतः नावाजलेले तबलावादक उस्ताद अल्लारखाँ होते, आणि त्या पहाटेच्या वेळात मुख्यतः बोल तोंडाने म्हणणंच चालायचं, हेही त्यांनीच सांगितलंय. आपल्याला त्यातलं उचलण्यासारखं आहे ते हे दुसरं. मुलीला अलंकार आधी म्हणू द्या, टाळीवर म्हणू द्या, मग पट्ट्यांवर बोटं ठेवू द्या.

परीक्षांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण विषय निघेलच. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक, म्हणजे सुरुवातीची परीक्षा, वाईट नाही, रीतसर पायरी आहे. पण आठ वर्षांच्या आत बसवू नका असं मला मनापासून वाटतं. माझ्या मुलाला आम्ही फार लवकर बसवलं आणि त्याचं अख्खं वर्ष ठरलेलं तेवढंच घोकण्यात गेलं. या परीक्षांमुळे दहावीला मिळणाऱ्या वाढीव गुणांचा विचार तर आत्ता डोक्यातूनच काढा.

आणि आजींना यात घ्या. त्यांना रोज येणारी एखादी आरती बाईंकडून मुलीच्या पट्टीत सरगम करून, म्हणजे सा रे ग म मध्ये लिहून, आणा. आजी म्हणतील, नात वाजवेल, भाता तुम्ही माराल. आमच्याकडे सासूबाई आधी "कशाला लहान पोरीला त्रास" म्हणायच्या. पुढे संध्याकाळी पेटी उघडली नाही तर त्याच विचारायच्या, आज काय झालं?

येत्या तासाला बाईंना दोन गोष्टी विचारा: तिची पट्टी कुठली, आणि घरी भाता तुम्ही मारला तर चालेल का. काही शिक्षकांना ते आवडत नाही, आणि तशी त्यांच्याकडे कारणंही असतात. त्या काय म्हणतात ते कळवा, मग सराव कसा बसवायचा ते पुढे बघू.