थिन, स्लिम, स्किनी, लीन यांत फरक काय? कोणाला काय म्हणावं?

थिन म्हणजे नुसतं बारीक. कौतुक नाही, टोमणाही नाही. स्लिम किंवा स्लेंडर म्हटलं की समोरची व्यक्ती खूश. स्किनी मात्र शक्यतो जीन्सलाच म्हणा; माणसाला म्हटलंत तर ‘नुसती हाडं उरलीत’ असं ऐकू जातं. स्क्रॉनी त्याहून वाईट. आपल्या नाशकात कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पहाटे पळणारे काटक आजोबा दिसतात ना, पोट सपाट, पोटऱ्या दगडासारख्या? ते लीन. गॉन्ट हा आजारपणाने किंवा उपासमारीने गाल बसलेल्यांसाठी. डाएट करून बारीक झालेल्या वहिनींना चुकूनही म्हणू नका! पेटीट बहुधा बायकांनाच: ठेंगणी आणि नाजूक. कपड्यांत हे माप साधारण ५ फूट ४ इंचांपर्यंतच्या उंचीचं. स्मॉलमध्ये फक्त आकार, लिटलमध्ये थोडी मायाही.