व्यवसाय शिक्षण वाढवलं तर उद्योगांना हवी तशी कुशल माणसं खरंच मिळतील का?

मिळतील, पण नुसते अभ्यासक्रम वाढवून नाही. खरी अडचण यंत्रांची आणि शिकवणाऱ्यांची आहे. मुलगा वर्षभर जुन्या लेथवर हात बसवतो आणि कामावर गेला की समोर सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारं यंत्र. तिथे ड्रॉइंग वाचून टूल ऑफसेट (हत्यार नेमकं कुठे आहे याचं माप) यंत्राला द्यायचा, पहिला नग मायक्रोमीटरने मोजायचा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने माप चुकलं तरी ऑफसेट दुरुस्त करायचा. हे फळ्यावर शिकवून येत नाही.

जर्मनीची दुहेरी पद्धत यासाठीच पाहण्यासारखी आहे. १९६९ च्या कायद्याने तिला देशभर एक चौकट मिळाली. साधारणपणे आठवड्यातले एक-दोन दिवस शाळा, उरलेले दिवस कंपनीत काम, तेही भत्ता घेऊन. बहुतेक प्रशिक्षणं दोन ते साडेतीन वर्षांची. काय शिकवायचं हे ठरवताना मालकांच्या आणि कामगारांच्या, दोन्ही संघटनांचं मत घेतलं जातं.

आता ‘माणसं मिळत नाहीत’ म्हणून ओरडायचं, पण शिकाऊ उमेदवार घ्यायचे नाहीत आणि पगारही वाढवायचा नाही, अशा कंपन्यांपुढे कुठलीही शिक्षणसंस्था काय करणार? (निम्मी ओरड यातलीच असते, असं माझं मत.) शिक्षकांना अधूनमधून महिनाभर कारखान्यात पाठवणं हा त्यातल्या त्यात स्वस्त उपाय. सुरुवात तिथूनच करावी.