११७८ ची सुरुवात: आधी वारस बघा, मग राजा निवडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: क्रुसेडर किंग्ज ३ हा राजघराणी चालवायचा व्हिडिओ गेम आजवर १०६६ सालापासूनच खेळलात, आता ११७८ ची सुरुवात घ्यायची आहे. दोनदा इजिप्त-सीरियाचा सुलतान सलादिन घेतला आणि दोन्ही वेळा तो गेल्यावर राज्याच्या चिंधड्या झाल्या. तर मग कोणाला घ्यावं, आणि देवगिरीच्या यादवांना घेतलं तर मजा येईल का?

यादव घ्या, मजा येईल. पण सलादिन का फसला ते आधी कळायला हवं, नाहीतर यादवांच्या भिल्लम राजालाही त्याच वाटेने घालवाल.

सलादिनाला सतरा मुलगे होते. खऱ्या इतिहासात तो ११९३ मध्ये दमास्कसला वारला तेव्हा कैरो एकाकडे, दमास्कस दुसऱ्याकडे, अलेप्पो तिसऱ्याकडे गेलं. पुढची सात-आठ वर्षं भावाभावांत हाणामारी झाली आणि शेवटी सलादिनाचा भाऊ अल-आदिल यानं जवळपास सगळं गिळलं. म्हणजे गेमनं तुमच्यावर काही अन्याय केलेला नाही, घडलं तेच पुन्हा घडवलं. तुम्ही राजाचे गुण पाहून राजा निवडलात. या गेममध्ये राजा फार तर तीस-चाळीस वर्षं आपल्या हातात असतो. नंतर आपण त्याचा वारस. म्हणून मी आता सुरुवातीच्या पडद्यावर राजाच्या तोंडाकडे नंतर बघतो. आधी वारस कोण, वय किती, त्याला भाऊ किती आणि वाटणीचा कायदा कुठला, हे चार प्रश्न.

आणि ११७८ मध्ये हे प्रश्न फारच बोचतात. ८६७ पासून खेळलं तर १४५३ पर्यंत ५८६ वर्षं मिळतात, एखादी पिढी वाया गेली तरी चालतं. इथे फक्त २७५. शिवाय रोड्स टू पॉवर हे गेमचं जोड-पॅक सप्टेंबर २०२४ मध्ये आलं तेव्हा गेम बनवणाऱ्यांनी हे साल फार चलाखीनं निवडलंय. ११७८ मध्ये ज्याच्या घरात डोकवाल तिथे येत्या दहा वर्षांत काहीतरी कोसळणार आहे.

कॉन्स्टँटिनोपलचा बायझंटाईन सम्राट मानुएल कोम्निनोस बघा. साठीचा गृहस्थ, दोन वर्षांपूर्वी मिरिओकेफालॉनला सेल्जुक तुर्कांकडून मार खाऊन परतलेला. मुलगा आलेक्सिओस नऊ वर्षांचा. प्रत्यक्षात मानुएल ११८० मध्ये गेला आणि तीन वर्षांत मानुएलच्याच चुलतभावानं, आंद्रोनिकोसनं, त्या पोराचा गळा आवळून जीव घेतला. सगळे याला साम्राज्य मोठं म्हणून घेतात. घ्या, पण पहिल्या दिवसापासून तुमचं खरं काम लढाई नसून पोराला मोठं करणं हे आहे. मानुएलला हरवणारा तो सेल्जुक सुलतान किलिज अर्सलान दुसरा, त्यानं पुढे हयातीतच राज्य अकरा मुलांत वाटून टाकलं आणि म्हातारपणी या मुलाकडून त्या मुलाकडे फिरत राहिला. गेममधलं पार्टिशन, म्हणजे सगळ्या मुलांत राज्य वाटायचा कायदा, काय असतो हे कोणाला समजवायचं असलं तर मी हीच गोष्ट सांगतो.

जेरुसलेमचा बाल्डविन चौथा सतरा वर्षांचा, अंगावर महारोग. आदल्या नोव्हेंबरात माँजिसारला त्यानं सलादिनाला पळवून लावलं होतं, तेव्हा तो सोळाचा होता. गेममध्ये या रोगानं आयुष्यही घटतं आणि मूल होण्याची शक्यताही. म्हणजे वारस बहीण सिबिला, आणि तिचं तान्हं पोर बापाच्या, म्हणजे माँफेराच्या घराण्याचं. वारस आपल्या घराण्याचा नसला की खेळ तिथेच संपतो, हे लक्षात ठेवा. गंमत अशी की हा बाल्डविन आणि इंग्लंडचा हेन्री दुसरा हे चुलतभाऊ, आंजूच्या फुल्कचे नातू. एक पोरांअभावी मरतोय, दुसऱ्याची तीन पोरं त्याच्या जिवावर उठलेली. हेन्रीनं ११७३ च्या बंडानंतर बायकोलाच कैदेत टाकलं होतं, ११७८ मध्येही ती कैदेतच आहे. हेन्री घ्यायचा तर राज्यकारभार कमी आणि कौटुंबिक समुपदेशन जास्त करावं लागतं.

माझी स्वतःची आवड विचाराल तर जॉर्जियाची तामार. बापानं याच वर्षी तिला सहराज्ञी म्हणून मुकुट घातला. तिला घेतलंत तर एकच पथ्य: लग्न मातृवंशाचंच लावा, म्हणजे मुलं तुमच्या घराण्यात येतील. घाईत साधं लग्न लावून मी एक अख्खी कॅम्पेन घालवली आहे. जर्मन सम्राट बार्बारोसा चांगला आहे, पण तिथे निवडणुकीचा पेच, पुढचा सम्राट मतांवर ठरतो. तेमुजिन, म्हणजे पुढचा चंगीझ खान, जेमतेम सोळा-सतरा वर्षांचा आहे. त्याला घेऊन जग जिंकता येतं हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच मला त्यात रस वाटत नाही.

आता आपल्याकडे. पृथ्वीराज चौहान अकरा-बारा वर्षांचा, कारभार आई कर्पूरदेवीकडे. मोह सगळ्यांना होतो, पण पहिली काही वर्षं पालकत्वात जातात आणि तोवर घोरी उंबऱ्यावर येतो. त्या घोरीची, म्हणजे मुइझुद्दीनची गोष्ट तर आपल्या मुद्द्याला सोडून नाहीच: त्याला मुलगाच नव्हता. माझे तुर्की गुलाम हेच माझे मुलगे, अशा अर्थाचं त्याचं बोलणं इतिहासात नोंदलेलं आहे, आणि पुढे दिल्ली त्यांतल्याच एका गुलामाकडे, ऐबकाकडे गेली ती तशीच.

याच ११७८ मध्ये घोरी गुजरातवर आला आणि अबूच्या पायथ्याशी कासह्रदला सपाटून हरला. गादीवर मूलराज दुसरा हे लहान पोर. फौजेमागे उभी होती ती त्याची आई नायकीदेवी. जुना जैन ग्रंथकार मेरुतुंग तिला परमर्दिनाची मुलगी म्हणतो, आणि हा परमर्दिन म्हणजे गोव्याचा कदंब राजा शिवचित्त पेरमाडी असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे घोरीला पहिला दणका देणारी बाई आपल्या गोव्याची माहेरवाशीण. पेरमाडी ११७८ मध्ये गादीवर आहेच, आणि त्याच्या राणीनं, कमलादेवीनं, देगावला बांधलेलं कमलनारायणाचं देऊळ आजही उभं आहे. लहान राज्य, हाताशी समुद्र, मुलगी गुजरातच्या राजधानीत, अणहिलवाड्यात, राजमाता: सोयरिकीच्या जोरावर खेळायला कदंब फार गोड आहेत.

तर आता यादव. ११७८ च्या दख्खनचं चित्र नीट डोळ्यांसमोर आणा. कल्याणीचे चालुक्य नावापुरते उरलेत. त्यांचाच सरदार कलचुरी बिज्जल यानं गादी बळकावली आणि ११६७-६८ च्या सुमारास त्याचा खून झाला. त्यानंतर त्याचे मुलगे एकामागून एक गादीवर बसतायत. ११७८ मध्ये संकम आहे. बिज्जलानंतर सोळा-सतरा वर्षांत पाच जण, आणि घराणं खलास. दक्षिणेला होयसळ वीरबल्लाळ तरुण आणि भुकेला. पूर्वेला काकतीय रुद्रदेव, हनमकोंड्याच्या हजारखांबी देवळाचा. कोल्हापूर-पन्हाळ्याला शिलाहार भोज दुसरा. आणि उत्तरेला सेऊणदेशात, सिन्नर-नाशिकच्या बाजूला, भिल्लम पाचवा.

या भिल्लमाकडे सरळ वारसानं गादी आलेलीच नाही. हेमाद्रीनं, म्हणजे यादवांचा प्रधान हेमाडपंत यानं, यादवांची वंशावळ दिलीय, तीत कालियबल्लाळाच्या मुलांना डावलून सत्ता भिल्लमाकडे आली, नात्यानं तो त्यांच्या बापाचा चुलता. त्या मुलांची नावंसुद्धा हेमाद्री देत नाही. इतिहास लिहिणाऱ्यानं नावं गाळली, पण गेममध्ये अशी माणसं गाळता येत नाहीत. डावलला गेलेला नातलग म्हणजे तुमच्या टायटलवर, म्हणजे राजपदावर, हक्क सांगणारा माणूस, आणि शेजारच्या राजानं त्याला पोसला की झालंच.

पुढे भिल्लमानं काय केलं ते हेमाद्री क्रमानं सांगतो: अंतल नावाच्या राजाकडून श्रीवर्धन घेतलं, प्रत्यंडकच्या राजाला हरवलं, मंगळवेढ्याच्या बिल्लणाला मारलं, मग कल्याणीचं राज्य मिळवलं. हा क्रम पुन्हा वाचा, ही तयार युद्धयोजना आहे. आधी कडेचे दुबळे, नंतर मंगळवेढा, म्हणजे कलचुरींचं जुनं ठाणं, आणि कल्याणी सर्वांत शेवटी. ११७५ च्या आसपास हाती सत्ता आली, तरी स्वतंत्र राजा म्हणून तो उभा राहिला ११८७ च्या सुमारास. मधली बारा वर्षं कलचुरी आणि चालुक्य एकमेकांना संपवत होते आणि हा वाट बघत होता. गेममध्येही तेच करा: संकमाच्या भावांत फाटाफूट होईतो मोठ्या राज्याला हात लावू नका. पुरोहिताला शेजारच्या परगण्यावर हक्क तयार करायला बसवा आणि पैसा साठवा.

माझ्या पहिल्या खेळात मी नेमकं हे सगळं जमवलं आणि तरी बुडालो. महाराष्ट्र हे राज्याचं टायटल मिळालं, खुशीत होतो. मग हाव सुटली, दक्षिणेत घुसून कर्नाटही घेतलं. सम्राटपद नव्हतं, म्हणजे एकाच दर्जाची दोन टायटलं हातात. रात्री साडेबाराला भिल्लम आजारी पडला. दरबारी वैद्यानं साधा उपाय करू की जोखमीचा, असं विचारलं. मी जोखमीचा म्हटलं. पुढच्याच खिडकीत राजाचा एक डोळा गेला होता आणि वर्षाच्या आत राजाही. खेळ थोरल्याच्या नावानं सुरू झाला, नकाशा बघतो तर अर्धं राज्य वेगळ्या रंगाचं: कर्नाट धाकट्याकडे, पूर्ण स्वतंत्र. दीड वर्षात तो धाकटा थोरल्यावर चालून आला, आणि त्याच्या फौजेत मीच उभे केलेले भालाईत होते. लॅपटॉप मिटवून झोपलो.

म्हणून सांगतो, सम्राटपद आवाक्यात येईपर्यंत राज्याच्या दर्जाचं दुसरं टायटल घेऊच नका. जिंकलेला मुलूख घ्या, टायटल बनवू नका. एकच राज्य असलं की धाकट्यांना परगणे मिळतात, पण राहतात ते थोरल्याचे मांडलिक. दुसरं, धाकट्याला जिवंतपणीच राजधानीपासून लांबचा तुकडा द्या. तो त्याच्या वाट्यात धरला जातो आणि देवगिरीच्या आजूबाजूचा गाभा थोरल्याकडे राहतो. वारसा काढून घेण्याची सोय आहे, पण त्याला घराण्याची कीर्ती खर्च होते, ती पहिल्या पिढीत नसतेच.

आणि यादव घ्या असं मी का म्हणतो याचं खरं कारण भिल्लम नाहीच. त्याला वीरबल्लाळानं सोरटूरला, गदगजवळ, चांगलाच चोपला आणि ११९१ च्या सुमारास तो गेला. तिथेच घराणं आटोपायला हवं होतं. पण मागे जैतुगी होता, त्यानं काकतीयांना नमवलं. त्याच्या मागे सिंघण, आणि सिंघणानं पन्हाळ्याच्या भोजाचं राज्य बुडवून कोल्हापूर घेतलं, यादवांचं राज्य सर्वांत मोठं केलं. तीन पिढ्या, प्रत्येक वेळी वारस बापाइतका किंवा सवाई. ११७८ च्या नकाशावर असं घर मला तरी दुसरं दिसत नाही.

एक वेडा पर्यायही सुचवतो. चालुक्यांचा सोमेश्वर चौथा, तैलप तिसऱ्याचा मुलगा, या वेळी राज्याविना आहे. ११८३-८४ च्या सुमारास सेनापती ब्रह्माच्या मदतीनं त्यानं कल्याणी परत मिळवली आणि पाच-सहा वर्षांत पुन्हा घालवली. रोड्स टू पॉवर असेल तर भूमिहीन साहसवीर म्हणून खेळता येतं, आणि त्या प्रकाराला याच्याइतकी चपखल कहाणी नाही. नकाशावर तो सापडला नाही तर रूलर डिझायनरमध्ये, म्हणजे स्वतःचा राजा घडवायच्या गेममधल्या सोयीत, बनवा. ४०० गुणांच्या आत ठेवलात तर अचीव्हमेंटही मिळतात. तळ घेऊन दरबारोदरबारी कामं करत फिरा आणि कल्याणीवर नजर ठेवा.

पण पहिला खेळ भिल्लमाचाच करा. वेळ सुरू करण्याआधी, घड्याळ थांबलेलं असतानाच, थोरल्याचं लग्न दणकट घरात ठरवा, हेर-प्रमुख कोण आहे ते तपासा, आणि दरबारात कोण नातलग हक्क बाळगून बसलाय त्याचं नाव शोधा. हेमाद्रीनं न दिलेली ती नावं गेममध्ये कोणती दिसतात आणि त्यांचं तुम्ही काय केलंत, ते नक्की लिहा.